झेडएफएस फाइल सिस्टिम रेस्टमधून काढायची, तर आधी ती कोणाच्या ताब्यात आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाचणीसाठी लागणाऱ्या झेडएफएस फाइल सिस्टिम (आयबीएम मेनफ्रेमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या, युनिक्सच्या बाजूच्या) तुमची पायथन स्क्रिप्ट झेड/ओएसएमएफ या व्यवस्थापन साधनाच्या रेस्ट इंटरफेसमधून, म्हणजे वेब कॉलमधून, तयार करते, माउंट करते (डिरेक्टरींच्या झाडात जोडते) आणि काम झालं की त्याच वाटेने काढून टाकते. तयार करताना काही अडत नाही. काढताना मात्र कधी ५०० (सर्व्हरकडे चूक झाल्याचा एचटीटीपी कोड) येतो, कधी फाइल सिस्टिम खरंच गेलेली असूनही स्क्रिप्ट काम फसलं म्हणते, आणि एक फाइल सिस्टिम तर काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच नावाने पण रिकामी अशी परत दिसली. डिलीटचा कॉल नेमका कसा लिहावा, असं तुम्ही विचारलंय.

कॉल कसा लिहायचा ते सांगतोच, पण तुमची अडचण तिथे नाही. कॉल एका ओळीचा आहे. काढायची वस्तू त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे हे स्क्रिप्टला ठाऊक नाही, आणि तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी त्यातूनच आल्या आहेत.

आधी कॉल. पत्त्यात झेडओएसएमएफ, मग रेस्टफाइल्स, मग एमएफएस, मग झेडएफएस आणि शेवटी फाइल सिस्टिमचं पूर्ण नाव, असे तुकडे तिरप्या रेषेने जोडायचे आणि त्यावर डिलीट ही पद्धत वापरायची. बॉडी लागत नाही. एक्स-सीएसआरएफ-झेडओएसएमएफ-हेडर हा हेडर मात्र लागतो. त्याची किंमत काहीही चालते, तो असला म्हणजे झालं. अनमाउंटसाठी पत्ता जवळजवळ हाच, फक्त मधला झेडएफएस हा तुकडा नसतो. तिथे पुट वापरायचा आणि जेसन बॉडीत अ‍ॅक्शनची किंमत अनमाउंट द्यायची. झोवे सीएलआय हे मेनफ्रेमचं कमांड-लाइन साधन वापरत असाल तर ते आतून हेच कॉल करतं. त्याच्या डिलीट कमांडला फॉर-शुअर हा पर्याय दिल्याशिवाय ते पुढे जात नाही, आणि ही अट मला योग्य वाटते.

आता आत काय चालतं ते बघू, कारण ते लक्षात आलं की बाकीचं आपोआप सुटतं. झेडएफएस फाइल सिस्टिम म्हणजे मुळात एक व्हीसॅम लिनिअर डेटासेट (डेटासेट म्हणजे मेनफ्रेमवरची फाइल, व्हीसॅम हा तिचा एक प्रकार). कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटासेटच्या सूचीत, त्याची नोंद असते आणि डिस्कवर त्याची जागा असते. तो माउंट केला की युनिक्सच्या बाजूने तो डिरेक्टरींच्या झाडाचा एक भाग होतो. म्हणजे एकाच वस्तूला दोन बाजू आहेत. रेस्टमधला डिलीट हा डेटासेटच्या बाजूचा व्यवहार आहे. आयडीकॅम्स या डेटासेट सांभाळणाऱ्या युटिलिटीच्या डिलीटने जे होतं तेच त्याने होतं. युनिक्सच्या बाजूने तो डेटासेट कोणी धरून ठेवला असेल तर डिलीट नाकारला जातो, आणि नाकारला जातो हे आपलं भाग्य. तुमच्या ५००चं हे सर्वांत वारंवार दिसणारं कारण.

पण ५०० या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याच्यासोबत जेसन येतं. त्यात कॅटेगरी, रिटर्न कोड, रीझन कोड, मेसेज आणि बहुतेक वेळा डिटेल्स असतात. बऱ्याच स्क्रिप्टांमध्ये फक्त एचटीटीपीचा आकडा लॉगमध्ये जातो आणि हे सगळं फेकलं जातं. तुम्ही आज एकच बदल करणार असाल तर हा करा: उत्तर जसंच्या तसं लॉगमध्ये उतरवा. आयडीकॅम्सकडून कॅटलॉगचा रिटर्न कोड १८४ आला तर डेटासेट उघडा आहे. ८ आला तर अशी नोंदच सापडलेली नाही. या दोन्हींवरचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. पहिल्यात कोणी धरलंय ते शोधायचं, दुसऱ्यात नाव बरोबर आहे का, किंवा ते आधीच निघून गेलंय का, ते बघायचं.

नावाचा विषय निघालाच आहे तर एक धोका आत्ताच सांगतो, कारण तो मला या सगळ्यात सर्वांत गंभीर वाटतो. डेटासेटच्या नावात @, # आणि $ ही चिन्हं चालतात. यातलं # हे चिन्ह वेब पत्त्यात जसंच्या तसं घातलं, तर क्लायंट त्याच्यापुढचा सगळा भाग पत्त्याचा उपखंड समजतो आणि सर्व्हरला पाठवतच नाही. समजा, तुम्हाला 'चाचणी.झेडएफएस#जुनी' अशा धाटणीचं नाव काढायचंय आणि ते पत्त्यात सरळ चिकटवलंत, तर सर्व्हरपर्यंत फक्त 'चाचणी.झेडएफएस' पोहोचतं. त्या नावाची दुसरी फाइल सिस्टिम अस्तित्वात असेल आणि माउंट नसेल, तर ती जाईल, आणि उत्तरही यशाचंच येईल. म्हणून नाव पत्त्यात घालण्याआधी एन्कोड करा. # च्या जागी %२३ गेलं पाहिजे. पायथनमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे, हाताने बदलत बसू नका. त्याशिवाय डिलीटआधी तयार झालेला अंतिम पत्ता लॉगमध्ये छापा आणि तो मूळ नावाशी ताडून पाहण्याची पायरी स्क्रिप्टमध्येच ठेवा.

तुमची दुसरी तक्रार, फाइल सिस्टिम गेली तरी स्क्रिप्ट काम फसलं म्हणते, ही बहुधा अशी घडते. डिलीट यशस्वी झाला की उत्तर येतं २०४, म्हणजे काम झालं आणि सांगण्यासारखा मजकूर नाही. बॉडी रिकामी असते. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक उत्तर जेसन म्हणून वाचायची सवय असेल, तर रिकाम्या मजकुरावर पार्सर अडखळतो, अपवाद वर फेकला जातो आणि वरचा कोड त्याला अपयश मानतो. त्यातून पुन्हा प्रयत्न करायचं तर्कशास्त्र लिहिलेलं असेल तर दुसरा डिलीट जातो. आता नोंद नाही, म्हणून खरीखुरी चूक परत येते आणि लॉगमध्ये शेवटी तीच दिसते. उत्तर २०४ असेल तर बॉडीला हात लावू नका.

याच्याच शेजारचा प्रकार म्हणजे वेळमर्यादा. क्लायंट वाट पाहून थांबला म्हणजे मेनफ्रेमवरचं काम थांबलं असं होत नाही. डेटासेट मोठा असेल आणि त्यावर पुसून टाकण्याची सक्ती असेल, म्हणजे आरएसीएफ या सुरक्षा प्रणालीतला इरेज गुणधर्म लागू असेल, तर जागा सोडण्याआधी ती खरोखर पुसली जाते आणि त्याला वेळ लागतो. डेटासेट एचएसएम या साठवण-व्यवस्थापकाने मायग्रेट केलेला, म्हणजे दुय्यम साठ्यात हलवलेला, असेल तर तिथेही गोष्टी लांबतात. म्हणून क्लायंटची वेळ संपली तर लगेच दुसरा डिलीट पाठवू नका. आधी डेटासेटच्या यादीचा कॉल करून नाव कॅटलॉगमध्ये आहे का ते बघा आणि मगच ठरवा. माझ्या स्क्रिप्टांमध्ये डिलीटचं यश मी उत्तराच्या आकड्यावरून मानत नाही. कॅटलॉगमध्ये नाव उरलेलं नाही हे पाहिल्यावर मानतो.

आता मूळ मुद्दा, फाइल सिस्टिम कोणी धरली आहे तो. एमएफएसच्या पत्त्यावर गेट केलं की माउंट असलेल्या फाइल सिस्टिमची यादी मिळते. एफएसनेम हा पॅरामीटर देऊन एकाच नावाची चौकशी करता येते, पाथ देऊन एखाद्या डिरेक्टरीवर काय बसलंय ते विचारता येतं. उत्तरात माउंट पॉइंट, अवस्था, मोड आणि सिसनेम येतं. हे सिसनेम लोक वाचत नाहीत, पण सिसप्लेक्समध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या झेड/ओएस सिस्टिमच्या गटात, ते महत्त्वाचं आहे. सामायिक फाइल सिस्टिमच्या रचनेत माउंट सगळ्या सिस्टिमना दिसतो, पण त्याची मालकी एका सिस्टिमकडे असते. अडचण आली तर कुठल्या सिस्टिमवर जाऊन बघायचं ते इथे कळतं.

ही यादी रिकामी आली म्हणजे फाइल सिस्टिम मोकळी आहे, असं मात्र समजू नका. यादी फक्त माउंट दाखवते. कोणीतरी झेडएफएसअ‍ॅडमने अ‍ॅग्रीगेट (म्हणजे झेडएफएसचा तो डेटासेटच) नुसतं अटॅच करून ठेवलेलं असू शकतं. ते माउंट नसतं, पण डेटासेट धरलेला असतो. झेडएफएसअ‍ॅडम एलएसअ‍ॅगर या कमांडमध्ये ते दिसतं आणि डिटॅच केल्यावर सुटतं. कधी त्याच वेळी बॅकअपचा जॉब त्या डेटासेटवर असतो. कोणी धरलंय हे कन्सोलवरून बघायचं तर डी जीआरएस कमांडला (जीआरएस म्हणजे कोणी काय धरलंय याची नोंद ठेवणारी व्यवस्था) सिसडीएसएन आणि डेटासेटचं नाव द्या. धरणाऱ्याचं नाव झेडएफएस किंवा ओएमव्हीएस (झेड/ओएसमधली युनिक्सची बाजू) दिसलं तर युनिक्सच्या बाजूने बघा, कारण झेड/ओएस २.२ पासून झेडएफएस ओएमव्हीएसच्याच अ‍ॅड्रेस स्पेसमध्येही चालवता येतं. दुसरंच काही नाव दिसलं तर तो जॉब संपायची वाट बघा.

इथे एक परिस्थिती अशी आहे की त्याबाबत मी फार कडक आहे. डिस्क एकापेक्षा जास्त सिसप्लेक्समध्ये सामायिक असेल आणि त्या सिस्टिम एकाच जीआरएस व्यवस्थेत नसतील, तर पलीकडच्या सिस्टिमने डेटासेट धरलाय हे तुमच्या सिस्टिमला कळतच नाही. इकडून डिलीट सुखाने पार पडतो, ती जागा दुसऱ्या डेटासेटला मिळते, आणि तिकडे फाइल सिस्टिम अजून माउंटच असते. अशा मांडणीत रेस्टमधून स्वयंचलित डिलीट चालवूच नये. तुमच्याकडे काय आहे हे सिस्टिम प्रोग्रामरना विचारा. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून मला ते सांगता येणार नाही.

अनमाउंट नाकारला जाण्याची कारणं मात्र साधी असतात. कोणाची तरी शेल त्या डिरेक्टरीत उभी असते, एखाद्या प्रोसेसने आत फाइल उघडलेली असते, किंवा त्या फाइल सिस्टिमच्या पोटात दुसरी फाइल सिस्टिम माउंट असते. पहिल्या दोहोंसाठी फ्यूजर कमांडला सी आणि यू हे पर्याय आणि माउंट पॉइंट द्या. प्रोसेस आणि वापरकर्ते दोन्ही दिसतात. तिसऱ्यासाठी आतल्या फाइल सिस्टिम आधी, म्हणजे सर्वांत खोल असलेली सर्वांत आधी, या क्रमाने उतरवाव्या लागतात. माउंट पॉइंटच्या लांबीनुसार उलटी क्रमवारी लावली की हा क्रम आपसूक मिळतो. जबरदस्तीचा अनमाउंट उपलब्ध आहे, इमिजिएट आणि त्यानंतर फोर्स. तो माणसाने परिस्थिती बघून वापरायचा. स्क्रिप्टमध्ये तो ठेवला की कोणाचं तरी अर्धवट लिहिलेलं काम एक दिवस जाणारच.

तुमची तिसरी तक्रार, रिकामी होऊन परत आलेली फाइल सिस्टिम. वर्णनावरून हे ऑटोमाउंटचं काम दिसतंय. ऑटोमाउंटच्या नियमात एखादा मार्ग असेल तर त्या मार्गाला कोणी हात लावताच फाइल सिस्टिम आपोआप माउंट होते. त्यामुळे तुमच्या अनमाउंट आणि डिलीट यांच्यामध्ये कोणी नुसतं त्या डिरेक्टरीत गेलं तरी ती पुन्हा माउंट होते आणि डिलीट अडतो. तुम्हाला अधूनमधून येणाऱ्या ५००मागे हेही असू शकतं. पुढचा भाग असा की, त्या नियमात अ‍ॅलोकएनी किंवा अ‍ॅलोकयूजर दिलेलं असेल, तर फाइल सिस्टिम अस्तित्वात नसल्यास ऑटोमाउंट ती नव्याने बनवतं. तुमचा डिलीट बरोबर झाला होता. नंतर कोणी तरी त्या मार्गावर गेलं आणि यंत्रणेने सांगितल्याप्रमाणे नवी, रिकामी फाइल सिस्टिम उभी केली. उपाय डिलीटमध्ये नाही, ऑटोमाउंटच्या नियमात आहे. एकतर चाचणीच्या फाइल सिस्टिमची नावं आणि मार्ग त्या नियमांच्या बाहेर ठेवा, किंवा काढण्याआधी नियम बदलून घ्या.

बीपीएक्सपीआरएम मेंबरही, म्हणजे युनिक्सच्या बाजूची सुरुवातीची सेटिंग्जही, याच कारणासाठी तपासा. तिथे त्या फाइल सिस्टिमची माउंट ओळ राहिली असेल तर पुढच्या आयपीएलला, म्हणजे सिस्टिम पुन्हा सुरू होताना, माउंट फसतो, आणि तिच्या पोटात माउंट होणाऱ्या इतर फाइल सिस्टिमही फसतात. आयपीएल कधी महिन्यांनी होतो, तेव्हा हे कोणाच्या बदलामुळे झालं ते कोणालाच आठवत नसतं.

माउंट पॉइंटची डिरेक्टरीही विसरू नका. फाइल सिस्टिम गेली तरी ती डिरेक्टरी वरच्या फाइल सिस्टिममध्ये तशीच राहते. एखादं अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू झालं आणि त्याच मार्गावर लॉग लिहू लागलं, तर ते लॉग वरच्या फाइल सिस्टिममध्ये साठत जातात आणि ती भरते. डिरेक्टरी काढायची तर रेस्टफाइल्सखालच्या एफएसच्या पत्त्यावर वेगळा डिलीट आहे. तिथे रिकर्सिव्ह हा पर्याय मिळतो, पण तो इथे वापरू नका. अनमाउंटनंतर डिरेक्टरी रिकामीच असायला हवी. ती रिकामी नसेल आणि साधा डिलीट अडला, तर कोणीतरी तिथे काही ठेवलंय. ते काय आहे ते बघायलाच हवं.

अधिकारांचा गोंधळही वारंवार दिसतो. अनमाउंट करायला युनिक्सच्या बाजूचा अधिकार लागतो. आरएसीएफ असेल तर युनिक्सप्रिव्ह वर्गातला सुपरयूजर.फाइलसिस.माउंट किंवा फॅसिलिटी वर्गातला बीपीएक्स.सुपरयूजर. डिलीटला डेटासेटच्या प्रोफाइलवर ऑल्टर हा अधिकार लागतो. दोन अधिकार दोन वेगळ्या ठिकाणचे, म्हणून एखाद्या आयडीला एक असतो आणि दुसरा नसतो, आणि स्क्रिप्ट मध्यावर थांबते. शिवाय हे रेस्ट कॉल मागे त्या वापरकर्त्याच्या नावाने टीएसओ (मेनफ्रेमवरचं वापरकर्त्याचं सत्र) अ‍ॅड्रेस स्पेस चालवतात, म्हणजे त्या आयडीला टीएसओ सेगमेंट हवा. ऑटोमेशनच्या आयडीला कॅटलॉगवर ऑल्टर देऊन प्रश्न मिटवण्याचा सल्ला कोणी दिला तर मान्य करू नका. कॅटलॉगवरचा ऑल्टर त्या कॅटलॉगमधल्या बाकीच्या डेटासेटनाही हटवण्याची वाट उघडतो. चाचणीच्या फाइल सिस्टिमसाठी वेगळा नाव-उपसर्ग ठेवा, त्यावर एक जेनेरिक प्रोफाइल, आणि आयडीला फक्त तिथे ऑल्टर. मग स्क्रिप्टमध्ये नावाची गफलत झाली तरी सिक्युरिटीच ती अडवते. आरएसीएफऐवजी एसीएफ२ किंवा टॉप सीक्रेट असेल तर नावं बदलतील, रचना हीच.

मी स्वतः ज्या क्रमाने करतो तो असा. ऑटोमाउंट आणि बीपीएक्सपीआरएममधल्या नोंदी आधी हटतात. मग अनमाउंट. मग लगेच डिलीट करत नाही, तर नाव बदलतो. रेस्टफाइल्सखाली एएमएस नावाचा पत्ता आहे. तिथे पुट करून आयडीकॅम्सचे आदेश जेसनमधून देता येतात, म्हणजे नाव बदलणंही त्याच स्क्रिप्टमध्ये बसतं. क्लस्टर आणि त्याचा डेटा कंपोनंट, दोन्हींची नावं बदलायची. उपसर्ग तोच ठेवायचा, म्हणजे कॅटलॉग आणि सिक्युरिटी प्रोफाइल बदलत नाही. नाव बदललं की कुठे राहिलेली जुनी माउंट ओळ किंवा कोणाची जुनी स्क्रिप्ट लगेच उघडी पडते, कारण त्यांना ती फाइल सिस्टिम सापडत नाही. डेटा मात्र शाबूत असतो. कोणी तक्रार केली तर जुनं नाव परत देऊन माउंट करायचं; नाव बदलल्यानंतरचा पहिला माउंट रीड-राइट करा, म्हणजे झेडएफएस आतली नावाची नोंद सुधारून घेतं. एक कामाचा आठवडा कोणी काही बोललं नाही की डिलीट.

काही तास जगणाऱ्या चाचणी फाइल सिस्टिमसाठी हा थांबा गरजेचा नाही. तिथे अनमाउंट, माउंट नसल्याची खात्री, डिलीट, कॅटलॉगमध्ये नाव नसल्याची खात्री, एवढं पुरे. ज्यात माणसांनी हाताने काही ठेवलं असण्याची शक्यता आहे, तिथे थांबा हवाच, आणि त्याआधी डीएसएसचा डंपही, म्हणजे बॅकअपची प्रतही, घ्या. अनमाउंट झाल्यावर घेतलेला डंप सरळसोट असतो, कारण आत कोणी लिहीत नसतं.

नंतर कोणी विचारलं की हे कोणी काढलं, तर एसएमएफमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या कामाच्या नोंदींत, उत्तर असतं: कॅटलॉगमधून नोंद गेल्याचा रेकॉर्ड ६५ आणि माउंट-अनमाउंटचे ९२. पण सगळी टीम एकाच ऑटोमेशन आयडीने चालत असेल तर तिथे तोच आयडी दिसेल. म्हणून कोणाच्या विनंतीवरून हा डिलीट चालला, ते तुमच्या स्क्रिप्टच्या लॉगमध्ये अंतिम पत्त्याशेजारीच लिहा.

सध्या अडकलेल्या नावांचं म्हणाल, तर प्रत्येकासाठी आधी कॅटलॉगमध्ये बघा. नाव नसेल तर ते २०४च्या गोंधळातलं आहे, यादीतून उडवा. नाव असेल आणि माउंटच्या यादीतही असेल तर फ्यूजर. कॅटलॉगमध्ये आहे पण माउंट नाही, तर डी जीआरएस आणि एलएसअ‍ॅगर. तरीही एखादं सुटलं नाही तर त्या ५००सोबत आलेलं पूर्ण जेसन आणि डी जीआरएसचं आउटपुट इथे टाका, बघून सांगतो.